पाणी वाचवा, पैसे कमवा!

शेतकऱ्याने पाणी जपून वापरावे, असा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. पण पाणी वाचवल्याबद्दल त्याच्या हातावर चार पैसे ठेवणारे किती? पंजाब सरकारने २०१८ मध्ये नेमके हेच करून पाहिले. योजनेचे नावच होते, ‘पानी बचाओ, पैसे कमाओ’.

पंजाबी माणूस मुळात रोटी खाणारा. तरीही हरितक्रांतीनंतर त्याच्या शेतात भात डोलू लागला. सरकार तो हमीभावाने विकत घेते आणि हा तांदूळ देशभरातील रेशन दुकानांत पोहोचतो. त्यातच १९९७ पासून, मधली काही वर्षे वगळता, शेतीपंपांना वीज मोफत. बटण दाबले की पाणी हजर! मग पंप वेळेवर बंद करायला रात्री शेतात कोण जाणार?

परिणाम व्हायचा तोच झाला. २०२३ च्या भूजल पाहणीनुसार, पंजाबात उपशासाठी जेवढे पाणी दरवर्षी उपलब्ध होते, त्याच्या दीडपटीहून अधिक उपसले जात होते. पातळी खाली गेली की बोअर आणखी खोल न्यायचे, अधिक ताकदीचा पंप बसवायचा आणि त्यासाठी कर्ज काढायचे. वीज फुकट, पण पाणी मात्र महाग!

फुकट वीज काढून घेणे कोणत्याही सरकारला अवघडच. म्हणून नव्या योजनेत वेगळी वाट शोधली गेली. निवडक भागांत, स्वेच्छेने सामील होणाऱ्या शेतकऱ्याच्या पंपाला मीटर बसवायचा आणि विजेचा कोटा ठरवून द्यायचा. त्यापेक्षा कमी वीज वापरली, तर वाचलेल्या प्रत्येक युनिटमागे चार रुपये थेट बँक खात्यात. जास्त वापरली तरी बिल नाही. शिक्षा कोणालाच नाही, बक्षीस मात्र काटकसर करणाऱ्याला.

शेजारच्या हरियाणाने २०२० मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. ‘मेरा पानी, मेरी विरासत’ या योजनेत भाताऐवजी मका, कापूस, बाजरी किंवा डाळी घेणाऱ्याला एकरी ७,००० रुपये देऊ केले.

मग सगळेच शेतकरी भात का सोडत नाहीत? कारण भाताला खात्रीचे गिऱ्हाईक आहे. मक्याचा भाव बाजारात कोसळला, तर अनुदानाची रक्कम त्यातच वाहून जाते. मुलीचे लग्न, मुलाची फी आणि सोसायटीचा हप्ता समोर असताना असा धोका कोण पत्करील?

एका हाताने भातासाठी पैसे द्यायचे आणि दुसऱ्या हाताने भात सोडण्यासाठी, या ओढाताणीत शेतकरी ज्या हातात अधिक खात्री दिसते, तिकडेच वळणार. बक्षिसाबरोबर नव्या पिकालाही तसेच हक्काचे गिऱ्हाईक मिळाले, तरच पंजाबच्या पुढच्या पिढीच्या बोअरला पाणी राहील.