इंग्रजीतील स्थलकालदर्शक शब्दयोगी अव्यये

नाम किंवा सर्वनामापूर्वी येऊन त्याचा वाक्यातील इतर शब्दांशी स्थळाचा किंवा काळाचा संबंध दाखवणाऱ्या इंग्रजी शब्दांना स्थलकालदर्शक शब्दयोगी अव्यये म्हणतात. ‘अ‍ॅट’, ‘ऑन’ आणि ‘इन’ ही त्यांतील प्रमुख होत. मराठीत हे काम नामानंतर जोडले जाणारे विभक्तिप्रत्यय (घरात, सोमवारी) आणि शब्दयोगी अव्यये (टेबलावर, कालपासून) करतात. दोन्ही भाषांतील हे शब्द एकास एक जुळत नाहीत. म्हणून मराठी प्रत्ययाचे भाषांतर करून इंग्रजी अव्यय निवडल्यास अनेकदा चूक होते.

स्थळ

‘अ‍ॅट’ने स्थळ बिंदूसारखे, ‘ऑन’ने पृष्ठभाग किंवा रेषेसारखे आणि ‘इन’ने सीमा असलेल्या जागेसारखे मानले जाते. एकाच स्थळाकडे दोन प्रकारे पाहता येते. कल्याण शहरात राहणारा ‘इन कल्याण’ राहतो; गाडी मात्र ‘अ‍ॅट कल्याण’ थांबते, कारण तिच्या मार्गावर ते केवळ एक ठिकाण असते. जुन्या कार्यालयीन इंग्रजीत गावाच्या नावापूर्वीही ‘अ‍ॅट’ येत असे. मुंबई उच्च न्यायालयाच्या ‘हायकोर्ट ऑफ ज्युडिकेचर अ‍ॅट बॉम्बे’ या नावात आणि मु. पो. साठी लिहिल्या जाणाऱ्या ‘अ‍ॅट पोस्ट’मध्ये ते आजही दिसते.

मराठी ‘वर’ला स्पर्शाची अट नाही, ‘ऑन’ला सहसा असते. टेबलावर ठेवलेले पुस्तक ‘ऑन द टेबल’, पण टेबलावर टांगलेला दिवा ‘ओव्हर द टेबल’. छताला चिकटलेली पाल खालच्या बाजूस असूनही ‘ऑन द सीलिंग’च असते. बस, आगगाडी व विमानासाठी ‘ऑन’, तर मोटार, टॅक्सी व रिक्षासाठी ‘इन’ वापरतात.

काळ

घड्याळातील वेळेपूर्वी ‘अ‍ॅट’, वार व तारखेपूर्वी ‘ऑन’ आणि महिना, वर्ष, शतक यांपूर्वी ‘इन’ येते. भारत ‘इन १९४७’, ‘ऑन १५ ऑगस्ट १९४७’ किंवा ‘अ‍ॅट मिडनाइट’ स्वतंत्र झाला, असे एकाच घटनेविषयी म्हणता येते. सकाळसाठी ‘इन द मॉर्निंग’, रात्रीसाठी मात्र ‘अ‍ॅट नाइट’. वाराचे नाव जोडले की ‘ऑन मंडे मॉर्निंग’. ‘लास्ट’, ‘नेक्स्ट’, ‘धिस’ व ‘एव्हरी’ यांपूर्वी यांतील कोणतेही अव्यय येत नाही. ‘गेल्या सोमवारी’तील प्रत्ययामुळे ‘ऑन लास्ट मंडे’ लिहिण्याचा मोह होतो, पण ते अशुद्ध आहे. सप्ताहअखेरीसाठी ब्रिटिश लोक ‘अ‍ॅट द वीकेंड’ म्हणतात, अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’.

मुदत

अर्ज, निविदा व करार यांत अव्यय चुकल्यास मुदतच बदलते. ‘शुक्रवारपर्यंत अर्ज द्यावा’ म्हणजे ‘बाय फ्रायडे’, कारण क्रिया त्या वेळेच्या आत एकदाच पूर्ण व्हायची आहे. ‘शुक्रवारपर्यंत कार्यालय बंद राहील’ म्हणजे ‘अंटिल फ्रायडे’, कारण स्थिती तोवर टिकणार आहे. मराठीत दोन्हींना ‘पर्यंत’च पुरते. ‘बाय ३० जून’मध्ये सामान्यतः ३० जून धरला जातो, ‘बिफोर ३० जून’ लिहिल्यास २९ जून हा अखेरचा दिवस ठरतो.

‘पासून’चेही तसेच. आरंभ सांगायचा असेल तर ‘सिन्स मंडे’, कालावधी सांगायचा असेल तर ‘फॉर टू डेज’. रजेच्या अर्जांत सर्रास आढळणारे ‘सिन्स टू डेज’ हे ‘दोन दिवसांपासून’चे शब्दशः भाषांतर आहे.

‘दोन दिवसांत पैसे देतो’ या आश्वासनासाठी ‘विदिन टू डेज’ हवे. भविष्यकाळी वाक्यात ‘इन टू डेज’चा अर्थ बहुधा ‘दोन दिवसांनी’ असा होतो. ‘त्याने ते काम दोन दिवसांत संपवले’ यासारख्या भूतकाळी वाक्यात मात्र ‘इन टू डेज’च योग्य ठरते.