गोळी सुरू करण्याआधी : मोठ्या माणसांमधला एडीएचडी आणि त्याची औषधे

एप्रिल महिना आला की वस्तीत, विहारात, कॉलेजात 'अठरा तास अभ्यास' हा उपक्रम होतो. बाबासाहेबांना अभिवादन करण्याची ही आपली फार चांगली रीत आहे. पण त्याच सभागृहात एखादा तरुण असाही असतो, ज्याला पुस्तक समोर घेऊन अर्धा तासही बसवत नाही. तो आळशी नसतो आणि बुद्धीनेही कमी नसतो. घरी मात्र त्याला ऐकावे लागते, "बाबासाहेब अठरा तास बसत, तुला तासभर होत नाही?" शाळेत तर आपल्या मुलांना 'ढ' ठरवायला काहींना कारणही लागत नाही. त्यामुळे मूल खरोखर अडचणीत आहे का, हे तपासायचे राहूनच जाते.

हाच मुलगा पस्तिशीचा होतो. तीन वर्षांत चार नोकऱ्या सुटतात. खिशात पैसे असूनही लाइटबिल भरायचे राहते. समोरचा बोलत असतो आणि याचे मन भलतीकडेच असते. बाई असेल तर गॅसवरचे दूध रोज उतू जाते आणि सगळे तिला 'वेंधळी' म्हणतात. अशा काही जणांना पुढे डॉक्टर सांगतात, "तुम्हाला एडीएचडी आहे, औषध सुरू करू या." मग घरात चर्चा सुरू होते. मेंदूची गोळी? सवय लागेल का? वेडाची आहे का? या प्रश्नांची सरळ उत्तरे इथे देत आहोत.

आधी निदान पक्के करा

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवण्यात, कामे क्रमाने पार पाडण्यात आणि उतावीळपणा आवरण्यात मेंदूला जन्मापासून येणारी अडचण. हा आजार मोठेपणी अचानक उपटत नाही. डॉक्टर 2013 सालापासून जे निकष वापरतात, त्यांनुसार त्याची काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. ती फक्त घरात किंवा फक्त कामावर दिसून चालत नाही. किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांच्यामुळे माणसाचे नुकसान होत असावे लागते.

हे महत्त्वाचे आहे, कारण लक्ष न लागण्याची इतर कारणे आपल्याकडे भरपूर आहेत. नायगाव किंवा डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. त्यात सहा माणसे, टीव्ही, पाण्याची वेळ आणि शेजारचे भांडण. तिथे लक्ष लागत नसेल तर तो आजार नव्हे. सिक्युरिटीची रात्रपाळी करून दिवसा चार तास झोपणाऱ्याचेही लक्ष उडतेच. रक्त कमी असणे, थायरॉईड, उदासीनता, सततची काळजी, झोपेत श्वास अडकून घोरणे, दारू यांनीही असेच होते. म्हणून चांगला डॉक्टर आधी हे सगळे विचारतो, गरज पडल्यास रक्त तपासतो. मोबाईलवरच्या सहा प्रश्नांच्या चाचणीवरून निदान होत नाही. त्यातून तपासणीची गरज आहे का, एवढेच कळते.

आपल्या भागात परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर आणि भायखळ्याचे जे.जे. या तिन्ही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केस पेपर काढून तिथे दाखवता येते. जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तके सापडली तर न्या. लहानपण ज्यांनी पाहिले आहे त्या आईला किंवा थोरल्या बहिणीला सोबत न्या. त्यांच्या तोंडून जे कळते, ते रुग्णाला स्वतःला अनेकदा आठवत नाही.

औषधे दोन तऱ्हेची

आपल्याकडे यासाठी मुख्यतः दोन औषधे दिली जातात.

पहिले मिथाइलफेनिडेट. हे औषध 1944 साली प्रथम तयार झाले, म्हणजे ते काही कालचे नाही. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही द्रव्ये वापरतात. हे औषध ती द्रव्ये थोडा जास्त वेळ टिकवते. त्याचा परिणाम तासाभरात जाणवू लागतो. साधी गोळी तीन-चार तास चालते, हळूहळू विरघळणारी बराचसा दिवस.

दुसरे अॅटोमॉक्सेटिन. हे उत्तेजक नाही आणि त्याची नशा होत नाही. पण त्याला वेळ लागतो. गुण दिसायला दोन ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त. "आठ दिवस घेतली, काही फरक नाही" म्हणून बरेच जण ती सोडतात. तेवढ्यात निकाल लावू नका. ही कॅप्सूल फोडून पाण्यात टाकू नये, आतली पूड डोळ्यांना झोंबते.

कोणते औषध द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. मित्राला लागू पडलेली गोळी तुम्हाला लागू पडेलच असे नाही.

डॉक्टरांपासून काय लपवू नये

औषध सुरू होण्याआधी बीपी, नाडी आणि वजन मोजून घ्यावे. पुढे डोस वाढवला की पुन्हा मोजावे. मधल्या काळात बीपी पाहायला महापालिकेचा जवळचा दवाखानाही चालतो. खालील गोष्टी न विचारताही सांगा :

• छातीत धडधड, चक्कर, हृदयाचा आजार, किंवा घरात कमी वयात कुणाचा अचानक मृत्यू. अशा वेळी डॉक्टर ईसीजी काढायला सांगू शकतात.
• बीपी, काचबिंदू, फिट येणे, यकृताचा त्रास.
• पूर्वी कधी खूप उदास वाटणे, जीव द्यावासा वाटणे, आवाज ऐकू येणे, किंवा दिवसेंदिवस झोप न लागता अंगात भलताच उत्साह संचारणे.
• चालू असलेली सगळी औषधे, आयुर्वेदिक काढेसुद्धा. नैराश्यावरच्या काही गोळ्या अॅटोमॉक्सेटिनचे रक्तातले प्रमाण वाढवतात.
• दारू, तंबाखू, गांजा. इथे लाज धरू नका. डॉक्टर पोलिसांना कळवायला बसलेले नसतात, त्यांना फक्त तुमचा धोका मोजायचा असतो.
• गर्भारपण, अंगावर पाजणे, किंवा तसा विचार असणे.

पहिले काही आठवडे

डोस कमीपासून सुरू होतो आणि हळूहळू वाढतो. मिथाइलफेनिडेटने भूक मंदावते, म्हणून सकाळी पोटभर खाऊन मग गोळी घ्यावी. दुपारनंतर उशिरा घेतली तर रात्री झोप येत नाही. तोंड कोरडे पडणे, डोके दुखणे, धडधड हे त्रास होऊ शकतात. त्यावर दिवसाचे सहा-सात कटिंग चहा म्हणजे धडधडीला आमंत्रण, ते कमी करा. अॅटोमॉक्सेटिनने मळमळते, बद्धकोष्ठ होतो, पुरुषांना लघवीला किंवा शरीरसंबंधात अडचण येऊ शकते. मळमळ जेवणासोबत घेतल्याने कमी होते.

छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे, डोळे पिवळे होणे, भास होणे, जीव द्यावासा वाटणे यांपैकी काही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा. एरवी मनाने गोळी बंद किंवा दुप्पट करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

मेडिकलमधले नियम

मिथाइलफेनिडेट औषध नियमांच्या शेड्यूल एक्समध्ये येते आणि अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्याखालीही त्यावर नियंत्रण आहे. म्हणून ते ठेवायला दुकानाला वेगळा परवाना लागतो आणि नाक्यावरच्या प्रत्येक मेडिकलमध्ये ते मिळत नाही. डॉक्टरांकडून चिठ्ठीच्या दोन प्रती घ्या. एक प्रत दुकानदार ठेवून घेतो आणि ती त्याला दोन वर्षे सांभाळावी लागते. टेलिमेडिसिनच्या 2020 च्या नियमांनुसार हे औषध फोनवरून किंवा व्हिडिओवरून लिहून देता येत नाही. त्यामुळे गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच रुग्णालयाची फेरी ठरवा. दुबई-अबूधाबीला कामासाठी जाणाऱ्यांनी तिथली परवानगी आधी काढल्याशिवाय हे औषध सामानात नेऊ नये. अॅटोमॉक्सेटिनला चिठ्ठी लागते, पण एवढे निर्बंध नाहीत.

सवय लागते का? शील मोडते का?

डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात तोंडाने घेतले तर व्यसन लागण्याचा धोका कमी असतो. जास्त डोस घेतला, पूड करून ओढली, किंवा नशेसाठी वापरली तर धोका खरा आहे. म्हणून गोळ्या कुलपात ठेवा आणि कुणाला देऊ नका. विशेषतः एमपीएससीचा किंवा पोलिस भरतीचा अभ्यास करणारा मित्र "जागायला एक दे" म्हणाला तरी देऊ नका. ज्याला एडीएचडी नाही त्याची बुद्धी या गोळीने वाढत नाही. त्याची झोप जाते, धडधड वाढते आणि देणारा कायद्यात सापडतो.

काही उपासक विचारतात, यामुळे पाचवे शील मोडते का? पाचवे शील आहे ते बेहोशी आणि प्रमाद आणणाऱ्या नशेविरुद्ध. भिक्खूच्या चार गरजांमध्ये चीवर, भोजन आणि निवाऱ्यासोबत औषधही येते. भगवान बुद्धांवर उपचार करणारा जीवक वैद्य आपल्या सर्वांना ठाऊक आहे. मधुमेहाने त्रस्त झालेले बाबासाहेब गिरगावात डॉ. मालवणकरांचे उपचार घेत. उपचार घेणे हा कमकुवतपणा नाही. ध्यानाने मन स्थिर व्हायला मदत होते, जरूर करावे. पण ध्यान सुरू केले म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. शिबिराच्या अर्जातही औषधांची खरी माहिती लिहावी.

गोळी काय करत नाही

गोळीने मन थोडे थांबते. वेळापत्रक ती करून देत नाही. त्यासाठी भिंतीवर एकच मोठे कॅलेंडर, चाव्या-पाकिटाची ठरलेली खुंटी, मोबाईलचा गजर, मोठ्या कामाचे छोटे तुकडे, आणि शक्य तिथे समुपदेशन लागते. घरात जागा नसेल तर विहारातला किंवा वाचनालयातला शांत कोपरा गाठा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 प्रमाणे सरकारी यंत्रणेकडून मानसिक उपचार मिळणे हा आपला हक्क आहे आणि आपली माहिती गुप्त ठेवली जाणे हाही. कुठे जावे कळत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते.

डॉक्टरांकडे जाताना पाच प्रश्न कागदावर लिहून न्या : निदान कशावरून केले? हेच औषध का? गुण किती दिवसांत दिसेल? कोणता त्रास झाला तर लगेच यायचे? आणि बंद करायचे तर कसे? उत्तरे तिथेच लिहून घ्या. ज्याचे लक्ष उडते त्याने तर नक्कीच.