मँचेस्टरची बारनिशी

हिशेबाच्या वहीकडे ज्यांनी आयुष्यभर पाठ फिरवली, परंतु बारनिशीची वही मात्र कोणत्याही मामलेदार कचेरीला लाजवील अशा निष्ठेने लिहिली, अशी माणसे व्यापाराच्या इतिहासात विरळाच. आणि ती नेमकी गाण्याच्या तबकड्या काढण्याच्या धंद्यात पडली, हे त्या तबकड्या आज जमवीत बसलेल्या आमच्यासारख्यांचे भाग्य म्हणावयाचे की भोग, याचा निवाडा वाचकानेच करावा. संस्थेचे नाव फॅक्टरी रेकॉर्ड्स, ठिकाण इंग्लंडातील मँचेस्टर, आणि ज्या गायक-वादक मंडळींच्या सिंगल तबकड्यांविषयी हा लेख आहे त्या मंडळींचे नाव न्यू ऑर्डर.

ग्रॅनडा टेलिव्हिजनवरील निवेदक टोनी विल्सन आणि त्याचा नट मित्र अ‍ॅलन इरॅस्मस यांनी १९७८ साली एका क्लबात संगीताच्या रात्री भरवावयास आरंभ केला, तेव्हा पीटर सॅव्हिल नावाच्या तरुण चित्रकाराने त्यांच्यासाठी एक भित्तिपत्रक तयार केले. ते इतके देखणे झाले आणि इतक्या उशिरा हाती आले, की जाहिरात म्हणून त्याचा उपयोग होण्याची वेळ टळून गेली; तथापि दफ्तरात त्याची नोंद ‘फॅक १’ अशी झाली, आणि संस्थेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक जिनसेला क्रमांक देण्याचा शिरस्ता तेथून पडला. इतर कंपन्यांतही तबकड्यांना क्रमांक असतातच. येथे ते कशालाही मिळाले. इरॅस्मसच्या पॅलटाइन रोडवरील ८६ क्रमांकाच्या घरातून चालणाऱ्या या कारभारात ‘हासिएंडा’ हा नृत्यक्लब ५१ क्रमांकाने दाखल झाला. संस्थेचाच भागीदार आणि ध्वनिमुद्रणाचा सूत्रधार मार्टिन हॅनेट याने संस्थेविरुद्ध जी फिर्याद लावली तिला ६१ मिळाला. न्यू ऑर्डरचा व्यवस्थापक रॉब ग्रेटन याच्या दातांच्या उपचाराला ९९. आणि क्लबातील मांजराला १९१. २००७ साली विल्सन वारला, तेव्हा कंपनी बुडून दीड दशक लोटले होते; तरीही त्याच्या शवपेटिकेला ५०१ हा क्रमांक देऊन वही पुढे चालवण्यात आली. फिर्यादीचा कागद ज्या नोंदवहीत गाण्याच्या शेजारी निर्विकारपणे बसतो, ती वही लिहिणाऱ्याला विनोदबुद्धी होती की वैराग्य होते, हे ठरवणे कठीण आहे. मला स्वतःला दोन्हींचा संशय येतो.

या वहीत आमच्या मंडळींचे स्थान ठरलेले होते. जॉय डिव्हिजन या मूळ गटाच्या ‘ट्रान्समिशन’ला १३ आणि ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ला २३ हे क्रमांक होते. १८ मे १९८० रोजी गायक इयन कर्टिस याने आत्महत्या केली. मागे राहिलेले बर्नार्ड समनर, पीटर हुक आणि स्टीव्हन मॉरिस यांनी नवे नाव धारण केले, पुढे जिलियन गिल्बर्ट त्यांस येऊन मिळाली. आणि पहिल्या सिंगलला मिळाला क्रमांक ३३. तेथून पुढे मँचेस्टरच्या मुख्य वहीत त्यांची प्रत्येक सिंगल तीन या अंकाने संपत गेली: ५३, ६३, ७३, ९३, १०३, १२३, १३३, थेट १९९० सालच्या २९३ पर्यंत. मोठ्या तबकड्यांना, म्हणजे अल्बमांना, मात्र ५०, ७५, १००, १५० असे भरीव आकडे राखून ठेवलेले. संग्राहकाला याहून मोठे आमिष कोणते? कपाटात ४३ किंवा ११३ ची जागा रिकामी दिसली की मन अस्वस्थ होते. त्या क्रमांकांवर न्यू ऑर्डरची सिंगल कधी निघालीच नव्हती, हे ठाऊक असूनही होते.

सिंगल म्हणजे येणाऱ्या अल्बमाची दवंडी, हा त्या धंद्यातला सर्वमान्य संकेत. अल्बमातील सर्वांत गोड गाणे आधी स्वतंत्रपणे विकावे, आणि त्याच्या मोहाने गिऱ्हाइकाला सबंध अल्बम घ्यावयास लावावा, हा त्यातला हिशेब. न्यू ऑर्डरने पहिली काही वर्षे तरी हा हिशेब झुगारला: ‘सेरेमनी’, ‘टेम्प्टेशन’, ‘ब्लू मंडे’, ‘थीव्ह्ज लाइक अस’, ‘ट्रू फेथ’ या रचना मायदेशी निघालेल्या त्यांच्या मूळ अल्बमांत सापडत नाहीत. याचा अर्थ असा, की या गटाच्या सिंगल जमवणे हा मुख्य ग्रंथ सोडून पुरवण्या गोळा करण्यासारखा छंद नव्हे; मुख्य ग्रंथच सुट्या पानांनी निघाला होता, आणि ज्याने केवळ अल्बम घेतले त्याच्या हाती त्याची परिशिष्टे तेवढी लागली, असे मी म्हणेन.

पहिलेच पान घ्या. ‘सेरेमनी’ ही जॉय डिव्हिजनच्या अखेरच्या रचनांपैकी एक. ती तिघांनी अमेरिकेत न्यू जर्सी येथे ध्वनिमुद्रित केली आणि १९८१ च्या आरंभी प्रसिद्ध झाली. मग जिलियन गिल्बर्ट आल्यावर तेच गाणे पुन्हा मुद्रित करून त्याच वर्षी पुन्हा काढले, आणि क्रमांक मात्र जुनाच, ३३, कायम ठेवला. पहिल्याचे बारा इंची वेष्टन गर्द हिरवे, त्यावर कांस्यवर्णी अक्षरे. दुसऱ्याचे मलईच्या रंगाचे, त्यावर निळा पट्टा. पेशवे दफ्तरात बसणाऱ्या माणसाला एकाच तारखेची दोन पत्रे सापडावीत, आणि त्यांतील एक तिघांच्या साक्षीने व दुसरे चौघांच्या साक्षीने लिहिलेले निघावे, असा हा प्रकार. दोन्ही अस्सलच, नक्कल कोणतीच नाही. माझे मत विचाराल तर पहिल्यात शोक अद्याप ओला आहे, दुसऱ्यात तो शिस्तीत आला आहे, आणि ज्याला या गटाचा जन्म ऐकावयाचा असेल त्याने दोन्ही बाळगाव्यात.

त्याच वर्षीच्या ‘प्रोसेशन’विषयी इतका आदर बाळगणे मला जमत नाही. ही सात इंची तबकडी नऊ निरनिराळ्या रंगांच्या वेष्टनांत निघाली. आतले गाणे एकच. नऊही रंग जमवणारे लोक आहेत, आणि त्यांच्या भिंतीवर ते शोभूनही दिसतात. पण हा संग्रह रंगाऱ्याचा झाला, रसिकाचा नव्हे. मजजवळ दोन आहेत, आणि दुसरा का घेतला याचे समाधानकारक उत्तर मला घरी देता आलेले नाही.

१९८२ सालची ‘टेम्प्टेशन’ मात्र संग्राहकाच्या बाजूने भक्कम साक्ष देते. तिची सात इंची आणि बारा इंची रूपे ही एकाच मुद्रणाची आखूड व लांब बाडे नसून भिन्न मुद्रणे आहेत. १९८७ मध्ये विल्सनच्या मनात आले, की आपल्या नव्या जॅग्वार मोटारीतील सीडी-यंत्रावर न्यू ऑर्डरच्या सगळ्या सिंगल एकत्र ऐकता याव्यात, आणि त्या इच्छेतून ‘सबस्टन्स’ हा संग्रह जन्मला, असे सांगतात. तो अफाट खपला, पुढच्या पिढीने हा गट बहुधा त्यातूनच ऐकला. परंतु त्यात ‘टेम्प्टेशन’ आणि ‘कन्फ्यूजन’ ही दोन गाणी नव्याने मुद्रित करून घातली होती, ‘सेरेमनी’चे दुसरेच रूप घेतले होते, आणि ‘द परफेक्ट किस’ जागेच्या सोयीसाठी कापले होते. समग्र म्हणून मिरवणारा संग्रह असा मूळ दस्तऐवजात फेरफार करून बसला, आणि मूळ पाहावयाचे तर पुन्हा जुन्या तबकडीकडेच जावे लागले.

आता ७३. मार्च १९८३ मध्ये निघालेली ‘ब्लू मंडे’ केवळ बारा इंची होती, आणि त्याला कारण होते. ठोक्याचे यंत्र, घरी जुळवलेले क्रमयंत्र आणि मूग सिंथेसायझर यांवर बेतलेले हे गाणे साडेसात मिनिटांचे. खर्जातील ठोका जितका दणकट तितकी तबकडीवरील चर अधिक आडवी डोलते आणि तितकी जास्त जागा मागते. सात इंचांत इतका वेळ कोंबावयाचा तर चरी एकमेकींना खेटून, उथळ कापाव्या लागतात आणि खर्ज लुळा पडतो. न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांसाठी सत्तरीच्या दशकात टॉम मोल्टन प्रभृतींनी बारा इंची सिंगल रूढ केली ती याच कारणास्तव. ब्रिटनमध्ये हे गाणे सात इंचांत आले ते १९८८ साली, क्विन्सी जोन्सच्या देखरेखीखाली नव्याने घडवल्यानंतर; वहीत त्याला ७३ च्याच पुढे एक अक्षर जोडून बसवले.

पण ‘ब्लू मंडे’ची खरी कीर्ती तिच्या वेष्टनाची. सॅव्हिल गटाला भेटावयास गेला असता त्याने तेथे संगणकाची लवचिक चकती, म्हणजे फ्लॉपी, पाहिली, आणि गाणे ज्या यंत्रांतून आले त्यांचेच रूप वेष्टनाला द्यावे असे त्याने ठरवले. पुठ्ठ्याला चकतीसारख्या खिडक्या कापल्या, त्यांतून आतील चंदेरी पिशवी दिसे. वेष्टनावर गटाचे नाव नाही, गाण्याचे नाव नाही; उजव्या कडेला रंगीत चौकटींची एक उभी ओळ तेवढी. ती सांकेतिक लिपी होती, आणि तिची किल्ली दोन महिन्यांनी निघालेल्या ‘पॉवर, करप्शन अँड लाइज’ या अल्बमाच्या मलपृष्ठावर रंगचक्राच्या रूपाने छापलेली. त्या अल्बमाच्या मुखपृष्ठावर फाँतँ-लातूरने रंगवलेली गुलाबांची परडी. पाठीमागे हे चक्र. लावून वाचले की क्रमांक, दोन्ही बाजूंच्या रचनांची नावे आणि गटाचे नाव उलगडते.

येथे मला १९०२ सालच्या कलकत्त्याची आठवण होते. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा तबकड्या छापावयास जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तेथील कारागिरांना गाणारी कोण हे कळावे म्हणून गाणे संपताच ती स्वतःच्या तोंडाने इंग्रजीत आपले नाव सांगे. आपल्याकडील जुन्या तबकड्यांचे संग्राहक त्या पुकाऱ्यासाठी जीव टाकतात. मँचेस्टरच्या मंडळींनी ऐंशी वर्षांनी उलट टोक गाठले: नाव सांगावयाचेच नाही, सांगितले तर रंगांत, आणि रंग वाचण्याची विद्या दुसऱ्या तबकडीच्या पाठीवर विकत घ्यावयाची.

त्या कापलेल्या खिडक्यांचा खर्च इतका, की प्रत्येक प्रतीमागे फॅक्टरीला काही पेन्सांची खोट बसली, अशी आख्यायिका आहे. खोटीचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. गाणे मात्र विक्रीच्या यादीत आधी बाराव्या आणि ऑक्टोबरात नवव्या क्रमांकावर चढले, आणि बारा इंची सिंगलांत सर्वाधिक खपलेली म्हणून इतिहासात बसले. कंपनी ब्रिटिश ध्वनिमुद्रण-व्यावसायिकांच्या संघाची सभासदच नसल्यामुळे सुवर्णतबकडीचा रीतसर मान काही तिला मिळाला नाही. नंतरच्या छपायांत खिडक्या गेल्या, सपाट छापील वेष्टन आले. म्हणून खिडक्या असलेली, चंदेरी पिशवीसह शाबूत प्रत हाती लागली तर ती सोडू नये. खिडक्यांच्या कडा प्रथम फाटतात, तेव्हा पाहणी तेथून सुरू करावी.

वेष्टनावर विसंबणे मात्र धोक्याचे. वेष्टने बदलतात, विक्रेते एकाचे दुसऱ्याला चढवतात. खरा दाखला तबकडीच्या गर्भात, शेवटची चर आणि मधले लेबल यांमधील गुळगुळीत पट्ट्यावर असतो. लाखेसारख्या मऊ लेपाच्या चकतीवर प्रथम गाणे कापतात, तिच्यावर धातूचा मुलामा चढवून साचे काढतात आणि साच्यांनी विनाइल दाबतात. कापणारा कारागीर त्या पट्ट्यावर क्रमांक कोरतो, आणि कित्येकदा स्वतःची एखादी खूणही. जॉर्ज पेकम नावाच्या प्रसिद्ध ब्रिटिश कारागिराची सही तर संग्राहक दुरून ओळखतात. दिव्याखाली तबकडी तिरपी धरून ती अक्षरे वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत. पुढची खबरदारी आपल्या हवेची: तबकड्या उभ्याच ठेवाव्यात, उन्हाच्या खिडकीपासून दूर, पावसाळ्यात कागदी पिशव्यांना बुरशी धरते, आणि मऊ पीव्हीसीच्या बाह्य पिशव्या कालांतराने विनाइलवर न निघणारी झाक आणतात, त्यापेक्षा साध्या पॉलिथिनच्या बऱ्या.

१०३ च्या ‘थीव्ह्ज लाइक अस’ला दे किरिकोच्या चित्रावर बेतलेले सुरेख आवरण आहे, १३३ च्या ‘सबकल्चर’ला कोरे काळे, कारण सॅव्हिलला ते पुनर्मिश्रण पसंत पडले नाही असे म्हणतात. १८३ च्या ‘ट्रू फेथ’वर गळणारे पान. २७३ ची ‘रन २’ जॉन डेन्व्हरच्या एका गाण्याशी असलेल्या साम्यामुळे तक्रारीत सापडली आणि प्रकरण कोर्टाबाहेर मिटले. २९३ ची ‘वर्ल्ड इन मोशन’, इंग्लंडच्या फुटबॉल संघासह गायलेली, ही त्यांची ब्रिटनमध्ये अग्रस्थानी पोचलेली एकमेव सिंगल. ती कोठेही स्वस्तात मिळते, आणि तशीच घ्यावी.

या सगळ्या मिळकतीचा मोठा ओघ हासिएंडा क्लबाच्या तोट्यात मुरत गेला. त्यात चार्ल्स स्ट्रीटवरील नव्या कचेरीचा खर्च, हॅपी मंडेज या दुसऱ्या गटाचे बार्बाडोस बेटावर रेंगाळलेले ध्वनिमुद्रण. आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये फॅक्टरीचे दिवाळे निघाले. लंडन रेकॉर्ड्स ही मोठी कंपनी ती विकत घेण्याच्या बेतात होती, तोच एक जुना कागद पुढे आला. त्यातील मजकुराचा आशय असा, की संगीताची मालकी सर्वस्वी वादकांची, कंपनीची कशावरही नाही. विल्सनने त्यावर स्वतःच्या रक्ताने सही केली होती असे सांगतात. खरेदीदाराच्या दृष्टीने दुकानात माल उरलाच नव्हता. त्या सनदेने कंपनीची किंमत शून्यावर आणली आणि वादकांचे इनाम राखले.

संग्रहाच्या सीमेविषयी जाणत्यांत दोन वाद आहेत. ब्रुसेल्सच्या फॅक्टरी बेनेलक्स शाखेने काढलेल्या ‘एव्हरीथिंग्ज गॉन ग्रीन’ आणि ‘मर्डर’ यांचे क्रमांक ८ आणि २२. ते वेगळ्या वहीतले, म्हणून कर्मठ लोक त्यांना पंक्तीत बसवत नाहीत. मी बसवतो, कारण ‘प्रोसेशन’च्या पाठीवर आखूड स्वरूपात अडकलेले गाणे ब्रुसेल्सच्या बारा इंचांत प्रथम मोकळे झाले. दुसरा वाद एप्रिल १९९३ मधील ‘रिग्रेट’चा. गाणे उत्तम, पण ते लंडन रेकॉर्ड्सचे. मँचेस्टरच्या बारनिशीत त्याची नोंद नाही. म्हणून ते मी विकत घेतले आहे, आवडीने लावतो, आणि सीडींच्या खणात ठेवतो.