गढीचं हॉटेल होण्याआधी माती घ्या

पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट ओलांडला की जाधववाडीचा जाधवगड लागतो. शाहू महाराजांचे सरदार पिलाजी जाधवराव यांनी १७१० मध्ये बांधलेल्या या गढीचं विठ्ठल कामत यांनी हेरिटेज हॉटेल केलं. दगडी तट उभा आहे, आत पोहण्याचा तलावही आहे. ढासळून जाण्यापेक्षा हे केव्हाही बरं, असं माझं मत. १९६४ ची व्हेनिस सनदही जुन्या वास्तूला नवा उपयोग द्यायच्या बाजूचीच आहे. मूळ मांडणी बदलू नये एवढी तिची अट.

पण संशोधनाकडे वळताय, तर एक प्रश्न विचारा: 'गढी वाचली' म्हणजे नेमकं काय वाचलं? भिंती वाचतात. जनावरं कुठे बांधत, चुली कुठे होत्या, हे भिंती क्वचितच सांगतात. कागदपत्रांत सरदार सापडतो, मोतद्दार सहसा नाही. त्याची खूण मातीत असते.

राहुरीत माती परीक्षण शिकलेल्यांना हे पटकन कळेल. शेण, राख, हाडं, खरकटं यांतून स्फुरद जमिनीत जातो. नत्र उडून किंवा झिरपून जातो, स्फुरद मात्र आपल्या चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमला धरून शतकानुशतकं बसतो. स्वीडनमध्ये ओलोफ अर्हेनियस यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच जुन्या वस्त्यांच्या मातीत हे पाहिलं होतं. म्हणून अंगणात चौकटी आखायच्या, प्रत्येकीतून नमुना घ्यायचा आणि एकूण स्फुरद काढायचा. ओल्सन पद्धतीचा 'उपलब्ध' स्फुरद पिकासाठी ठीक, इथे तो पुरत नाही.

आता खरी मेख. तुलनेचा नमुना कुठला घ्याल? शेजारच्या शेतातला, म्हणाल. पण काळी आणि पांढरी यांतला फरक आपल्या आजोबांनाही ठाऊक होता! पुष्कळ गढ्यांचा भराव पांढरीच्या मातीचा, म्हणजे आधीच्याच एखाद्या वस्तीचा. त्यात स्फुरद मुळातच जास्त. तेव्हा तुलना भरावाच्या खालच्या, न वापरलेल्या थराशी करा, नाहीतर सगळी गढीच गोठा ठरेल.

हॉटेल झालं की फरशी बसते, हिरवळीला डीएपी पडतं आणि जुना स्फुरद नव्यात मिसळतो. तुमच्या गावात पडीक गढी असेल आणि विक्रीची बोलणी चालू असतील, तर मालकाची परवानगी आत्ताच मागा. वास्तू संरक्षित असेल, तर पुरातत्त्व विभागाचीही लागेल, आणि तिला वेळ लागतो.