नदीत भिजलेला उजेड

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीतली मळी वर यावी म्हणून रसात भेंडीचं चिकट पाणी घालतात. जपानात, गिफू प्रांतातल्या मिनो या गावी, कागद करणारे भेंडीच्याच एका चुलत बहिणीच्या मुळांचा रस हौदात घालतात. त्या झाडाचं नाव तोरोरोआओई. हा रस डिंक नव्हे. तो पाणी दाट करतो, त्यामुळे लगद्यातले धागे तळाशी बसत नाहीत आणि चाळणीतून पाणी सावकाश गळतं. तेवढ्या वेळात कारागीर चौकट मागंपुढं आणि आडवीही हलवून घेतो. धागे उभेआडवे गुंततात आणि उजेडासमोर धरलं की कुठेही जाडपातळ न दिसणारा ताव निघतो.

नारा इथल्या शोसोइन भांडारात इ.स. ७०२ सालची घरवार माणसांची नोंदवही आहे, ती मिनोच्या कागदावर. हा कागद करायला तुतीच्या कुळातल्या कोझो झाडाची साल वाफवून सोलायची, वाहत्या पाण्यात पसरून उजळवायची, क्षारात उकळायची आणि मग पाण्यात बसून एकेक काळा ठिपका बोटांनी वेचायचा. हे वेचण्याचं काम सगळ्यांत कंटाळवाणं, पण कागदाची जात तिथेच ठरते. पूर्वी साल थेट नदीत भिजत पडायची, आता बहुधा टाक्यांत. इथल्या होनमिनोशी कागदाची कला २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली.

मिनोचं पाणी नागारा नदीच्या खोऱ्यातलं. नदीकाठचं गिफू शहर कंदिलांचं. १९५१ मध्ये इसामू नोगुची हिरोशिमाला जाताना तिथे थांबला. बाप जपानी कवी, आई अमेरिकन आणि हा शिल्पकार. रात्री मशालीच्या उजेडात पाणकावळ्यांकडून आयू मासे पकडण्याचा खेळ त्याने नदीवर पाहिला. शहराच्या प्रमुखाने गळ घातली, आमचा कंदिलाचा धंदा बसत चाललाय, काहीतरी करा. नोगुचीने आराखडे काढले. कंदिलावरची फुलंपाखरं काढून टाकली, मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा आणला आणि आकार मुद्दाम वाकवले. नाव दिलं आकारी, म्हणजे उजेड. त्या शब्दात हलकेपणाचीही छटा आहे, असं तो म्हणायचा.

करणी मात्र गिफूची जुनीच. लाकडी तुकड्यांचा साचा जुळवायचा, त्याच्या खाचांवरून बांबूची बारीक कामटी गोल गोल गुंडाळायची, वर कागद चिकटवायचा. वाळला की साच्याचे तुकडे आतून एकेक करून काढून घ्यायचे. उरते ती फक्त हवा आणि कागदाचं कातडं. दाबलं की घडी होते, पाकिटात मावते. आपल्याकडे दिवाळीत कामट्या बांधून पतंगी कागद चिकटवणाऱ्या मुलांना याचा अर्धा भाग समजावून सांगावा लागणार नाही.

नोगुची या दिव्यांना शिल्पच म्हणायचा. १९८६ च्या व्हेनिस बिएनालेत अमेरिकेच्या दालनात दगडाशेजारी त्याने हे दिवेही मांडले, आणि कलाजगतातल्या अनेकांना ते रुचलं नाही. विकायच्या वस्तूला शिल्प कसं म्हणायचं? मला यात नोगुचीचीच बाजू पटते. दगड घडवायला छिन्नी लागते, इथे छिन्नीचं काम पाण्याने आधीच करून ठेवलेलं असतं.

त्या पाण्याचं काय? मुख्य प्रवाहावर मोठं धरण नसलेली नदी, असा नागाराचा लौकिक होता. मुखापासून पाचेक किलोमीटरवर, पूरनियंत्रण आणि पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला बंधारा, मोठा विरोध होऊनही १९९५ मध्ये सुरू झाला. आयूची पिल्लं अंड्यातून निघाली की प्रवाहासोबत समुद्राकडे जातात आणि वसंतात परत चढतात, म्हणून बंधाऱ्याला माशांच्या पायऱ्या केल्या आहेत. खाऱ्यागोड्या पाण्यात वाढणारी शिजिमी शिंपली मात्र बंधाऱ्याच्या वरच्या भागातून हटली. त्याच नदीचे आयू २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने वारसा म्हणून नोंदवले.

उन्हाळ्यात पाणकावळ्यांच्या नावा अजून निघतात. नाळेवर लोखंडी टोपलीत पाइनची लाकडं जळतात, ठिणग्या पाण्यावर पडतात आणि काठावरच्या दुकानांतून कागदाचे कंदील लागलेले असतात.