आईच्या छायेतील रोपे

पावसाळ्याच्या प्रारंभी एखाद्या जुन्या वृक्षाखाली त्याच्याच बियांतून उगवलेल्या रोपांची दाटी झालेली आपण पाहतो. काही वर्षांनी त्याच जागी गेल्यास त्यांतील एखादेच रोप शिल्लक असते. प्रकाशाचा अभाव आणि पाण्यासाठी चाललेली चढाओढ ही कारणे खरीच. परंतु आणखी एक कारण आहे व ते नात्याचे आहे.

डॅनियल जॅन्झेन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक विचार मांडला. प्रत्येक वृक्षजातीचे काही खास शत्रू असतात. हे कीटक व बुरशी मातृवृक्षाच्या आसपासच वस्ती करून राहतात, म्हणून त्याच्या पायथ्याशी पडलेले बी त्यांच्या तावडीत अलगद सापडते. त्यामुळे मोकळी राहिलेली जागा अन्य जातींच्या रोपांना मिळते. उष्ण कटिबंधातील अरण्यांत इतक्या विविध जाती एकत्र कशा नांदतात, याचे एक उत्तर यात आहे.

पनामा कालव्यासाठी नदी अडविली गेली तेव्हा पाण्याने वेढल्या गेलेल्या एका टेकडीचे बारो कोलोराडो हे बेट बनले. तेथे व्हायरोला नावाचा वृक्ष आहे. तो आपल्या कोकणातील जायफळाच्याच कुळातला. फळ उकलले की बियांवर तशीच तांबडी जायपत्री दिसते. टूकन पक्षी ती बी गिळतात, जायपत्री पचवितात व बी दूर कोठेतरी ओकून टाकतात. हेन्री हाऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मातृवृक्षापासून ४५ मीटर अंतरावर पडलेल्या बीला बारा आठवडे तगून राहण्याची संधी वृक्षाखालच्या बीपेक्षा ४४ पटींनी अधिक होती. वृक्षाखालची बहुतेक बी सोंडकिडे पोखरून टाकीत.

तथापि हे वैर केवळ जातीपुरते, की थेट वंशापर्यंत पोहोचणारे? जेनॅल एक व सहकाऱ्यांनी याच वृक्षाची रोपे पनामातील छायागृहात वाढविली. काही रोपांना स्वतःच्या आईजवळच्या मातीतील सूक्ष्मजीव दिले, तर काहींना त्याच जातीच्या परक्या वृक्षाजवळचे. आईकडील सूक्ष्मजीवांच्या संगतीतील रोपे मागे पडली. मातीतील पोषकद्रव्ये किंवा मुळांवरील उपकारक बुरशी यांनी या फरकाचा उलगडा होईना. म्हणून विशिष्ट वंशावर नेमके नेम धरणारे रोगजंतू हेच कारण असावे, असा निष्कर्ष २०१९ मध्ये मांडण्यात आला. आईची ठेवण जाणणारा रोग लेकरालाही ओळखतो, असे म्हणता येईल.

हा नियम सर्व वृक्षांना सारखा लागू नाही. मुळांभोवती बुरशीचे संरक्षक वेष्टन असणाऱ्या काही जातींची रोपे आईजवळही तग धरतात.

आपल्या सह्याद्रीत रानजायफळाची बी दूर नेण्याचे काम धनेश करतो. त्याला घरट्यासाठी जुन्या, जाडजूड वृक्षांची ढोली लागते. असे वृक्ष तुटले की पक्षी जातो आणि फळे झाडाखालीच पडून राहतात.

रोपवाटिकांच्या बाबतीतही हा विचार उपयोगी पडेल. गावाजवळच्या एकाच भरघोस फळणाऱ्या झाडाखालून पोते भरून आणणे सोयीचे असते, हे मान्य. पण ती सारी रोपे भावंडे होत, आणि एकाला जडणारा रोग इतरांनाही सहज जडण्याचा संभव राहतो. त्याऐवजी एकमेकांपासून दूर असलेल्या दहा-वीस झाडांची बी थोडीथोडी गोळा करून, ती मिसळून पिशव्यांत लावावी. खर्च तोच येतो, फक्त पायपीट वाढते.