मोटारीचा विजेचा पंखा : जाड तार, रिले व फ्यूज

भंडारा जिल्ह्यात वैशाख-ज्येष्ठाचे ऊन कसे तापते, हे आमच्या शेतकरीबंधूंस सांगावयास नको. याच दिवसांत उन्हाळी धानाची कापणी होते, पोती बाजारास न्यावयाची असतात, आणि नेमके तेव्हाच जुन्या जीपगाडीचे पाणी उकळू लागते.

याचे कारण साधे आहे. जुन्या जीप, अँबॅसडर व फियाट गाड्यांत रेडिएटरचा पंखा पट्ट्याच्या योगाने इंजिनावर फिरतो. रेल्वेच्या फाटकापाशी गाडी इंजिन चालू ठेवून ताटकळत उभी राहिली की इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद. वारा तर नसतोच. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसविलेले असल्यामुळे पंख्यास स्वतंत्र विजेची मोटर दिली होती. असा पंखा इंजिनाच्या गतीवर अवलंबून राहत नाही. हे पाहून पुष्कळांनी जुन्या गाड्यांसही तो बसविला. आम्हीही बसविला; पण काटकसरीच्या मोहाने मिस्त्रीस म्हटले, रिले व फ्यूज कशास हवेत? घरात पडलेली बारीक तार लावा आणि समोर एक बटण द्या.

गेल्या उन्हाळ्यात ती गाडी आम्ही बांधीत, धानाच्या पुंजण्यापासून दहा पावलांवर उभी केली. इंजिन चालू होते. तणसाचा गुंतवळा पंख्यात अडकला व पाती थांबली. क्षणार्धात तारेचे वेष्टण वितळून धूर निघू लागला. शेजारच्या एका तरुणाने फडक्याने धरून बॅटरीची तार उपटली, म्हणून वर्षाची कमाई वाचली. दोष मिस्त्रीचा नव्हे, आमचाच होता.

असे का झाले? १२ व्होल्टवरील १२० वॅटचा पंखा १० अँपिअर प्रवाह घेतो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची ३ मीटर तार एवढ्या प्रवाहाने सुमारे १० वॅट उष्णता धरते. पाती अडकली की प्रवाह कित्येक पट वाढतो; आणि प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते.

आपल्या जिल्ह्यातील जुन्या तलावांचा दाखला घ्यावा. बॅटरी हा तलाव, तार हा पाट व रिले हे तुडुम समजावे. पाणी पाटातूनच जाते; तुडुम उघडणाऱ्याच्या हातातून जात नाही. त्याचप्रमाणे पंख्याचा मोठा प्रवाह रिलेने वाहावा, आणि बटणातून केवळ रिले उघडण्यापुरता अल्प प्रवाह जावा. पाट मध्येच फुटला तर पाणी पाळीपाशीच अडवावे लागते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा. पंख्यापाशी लावलेला फ्यूज मधली तार वाचवीत नाही.

काम करताना प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. पुढील रीत ऋण टोक सांगाड्यास जोडलेल्या १२ व्होल्टच्या गाडीची आहे. रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६ व ८७ असे आकडे असतात. बॅटरीच्या धन टोकापासून ४ चौरस मिलिमीटरची तार २० अँपिअरच्या फ्यूजमधून ३० या पायास आणावी; ८७ पासून तशीच तार पंख्यास न्यावी. पंख्याची दुसरी तार, रंग खरवडून स्वच्छ केलेल्या लोखंडावर घट्ट आवळावी. ८६ या पायास किल्ली फिरविल्यावरच वीज येईल अशी बारीक तार द्यावी, म्हणजे गाडी बंद असता पंखा बॅटरी रिकामी करणार नाही. ८५ ची तार रेडिएटरवरील तापमानाच्या स्विचास जोडावी. पाणी ९० ते ९५ अंशांच्या सुमारास गेले की तो पंखा आपोआप सुरू करतो. बटणाची आठवण ठेवण्याचे कारण उरत नाही.

मग रेडिएटरसमोर कागद धरून पाहावा. इंजिनाच्या बाजूस बसविलेल्या पंख्याने तो आत ओढला गेला पाहिजे. बाहेर उडाल्यास पंख्याच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या असे समजावे. जुन्या डायनामोच्या गाडीत हा जादा भार पेलेल की नाही, हे कारागिरास आधी विचारावे. किल्ली चालू असता पंख्याजवळ बोटे नेऊ नयेत, कारण तो न सांगता फिरू लागतो.

महसूल खात्यात कारकुनी करताना आगीच्या नुकसानीचे पंचनामे आम्ही पुष्कळ लिहिले. पंचनाम्यात राख मोजता येते. गेलेला हंगाम परत आणता येत नाही. रिले, फ्यूज व थोड्या जाड तारेचा खर्च पोतेभर धानाच्या मोलापुढे काहीच नव्हे. तरी ज्यांनी असा पंखा बसविला आहे, त्यांनी कापणीपूर्वी एकदा बॉनेट उघडून बॅटरीजवळ फ्यूज आहे की नाही, एवढे अवश्य पाहावे, अशी आमची विनंती आहे.